व्हर्लिनने वाचलेलं पत्र

आमच्या कारखान्यात फंडाची पत्रं वाचणारा एकच प्राणी होता, व्हर्लिन स्टॅम्पर. बाकी आम्ही सगळे पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकायचो. ओहायोत पाणी तापवायचे बंब बनवायचो आम्ही. निवृत्तीच्या फंडात कंपनी आपला वाटा घालायची तो स्वतःच्याच शेअरमध्ये, आणि आम्हीही गाढवासारखे आपला पगार त्यातच ओतत होतो.

एका मार्चमध्ये व्हर्लिन पत्र फडकवत कॅन्टीनमध्ये आला. "वेल्डा, हे बघ! बाहेरच्या सल्लागाराने सांगितलंय, हा शेअर धोक्याचा आहे, फंडातून काढा. आणि फंड सांभाळणाऱ्या साहेबांनी ठरवलंय, काढायचा नाही!"

"सँडविच खा आधी," मी त्याचं धड न ऐकताच म्हटलं. "शब्द न् शब्द चघळायची कसली हौस रे तुला?"

त्याने पेन्सिलने खुणा केल्या, खाली तारीख घातली आणि पत्र बोर्डावर लावलं. साहेबांना लेखी विचारलंही. 'काळजीचं कारण नाही' असं लेखी उत्तर आलं. कागदावर आलं म्हणजे खरंच, असा हा माणूस! शेअर तसेच ठेवले त्याने.

चार वर्षांनी लोकांच्या घरात बंब फुटायला लागले. साहेबांना म्हणे आधीपासून ठाऊक होतं. कंपनी बुडाली, शेअरला कुत्रंही विचारेना. व्हर्लिनची एकतीस वर्षांची कमाई त्यात होती. गुडघे गेलेले, आणि त्याच जूनमध्ये तो निवृत्त होणार होता.

आम्ही साहेबांवर दावा लावला. आमच्या वकीलबाईंनी समजावलं, "फंड सांभाळणाऱ्याने कामगारांचं हित बघायचं असतं, कंपनीचं नाही. दावा भक्कम आहे. पण साहेबांनी शेअर काढला नाही हे ज्याला तेव्हाच ठाऊक होतं, त्याला दाव्याची मुदत तेव्हापासून तीनच वर्षांची, आणि ती संपली. ज्याला नव्हतं, त्याला सहा. पत्र घरी पोचलं एवढ्याने भागत नाही, ते वाचलेलं असावं लागतं."

माझ्या जबानीत साहेबांचा वकील हसत म्हणाला, "पत्र तुमच्या घरी आलं होतं. वाचलंच असेल की."

पैसे जातात की काय! "अहो, आमच्यात कोण वाचतंय! ते सगळं व्हर्लिन वाचतो. खुणा करून बोर्डावर लावतो. आम्ही ढुंकूनही बघत नाही."

तो लिहून घ्यायला लागला. आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्याच संध्याकाळी मी व्हर्लिनचं घर गाठलं. "वाचलं नाही म्हण, मेल्या! माझं चुकलं असं मी सांगते. एवढं एक वाक्य बोल."

"शपथेवर?" तो म्हणाला. "वाचलंय ना मी, वेल्डा."

झालं. आम्ही दोनशे जण दाव्यात राहिलो, तो एकटा बाहेर. लाज वाटली का? वाटली. पण पैसे नको असं काही मी म्हटलं नाही.

आता बहात्तराव्या वर्षी तो सुपरमार्केटात उभ्याने लोकांचं सामान पिशव्यांत भरतो. भरपाईचं पत्र आलं त्या दिवशी मी पाकीट घेऊन तिथेच गेले. चष्मा घरी राहिला होता. "व्हर्लिन, जरा बघ रे. सही कुठे करायची?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मागे रांग खोळंबली तरी चारही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग एका रेघेवर बोट ठेवलं.

"इथे. पण आधी नीट वाच."

"तू वाचलंस ना," मी म्हटलं, आणि सही केली.