डब्याचा पंखा

शर्यतीची दुसरी फेरी संपत आली होती. बंडप्पांची निळी गाडी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे होती, पण रस्त्यावर होती, कठड्याला घासत नव्हती, आणि त्यांच्या मानाने हे पुष्कळ होतं. तेवढ्यात टीव्हीखालच्या डब्यातून कर्र असा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

"गेलं," बंडप्पा म्हणाले.

त्यांची बायको नीलम्मा पिठाच्या हातानेच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "लाइट गेली का?"

"लाइट हाय. वरचा पंखा फिरतोय न्हवं? डब्यातला पंखा अडकलाय. चार दिस झालं, वरडत हुता."

हा डबा म्हणजे गेम खेळायचं मशीन. त्याचं खरं नाव काय, हे घरात कुणाला कधी सांगता आलं नाही. त्यांचा मुलगा शंभुलिंग सोलापूरला कॉलेजात असताना त्याने तो कुणाकडून तरी वापरलेला विकत आणला होता. शंभू आता पुण्यात नोकरीला होता, त्याला गेम खेळायला सोडा, जेवायलाही वेळ नव्हता. डबा मात्र इथे गावी, जळकोटलाच राहिला. नीलम्माने त्याच्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि आठवड्यातून एकदा ती तो पुसत असे.

बंडप्पांचं हायवेच्या कडेला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. घर मागे, दुकान पुढे. आसपासच्या विहिरींवरच्या निम्म्या मोटारी कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला, हात आला नाही. सोलापूरच्या व्यायामवाल्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "म्या काय बारकं पोर हाय का," म्हणून बंडप्पांनी तो कोपऱ्यात भिरकावला. दुकानाचं शटर खाली आलं ते तसंच राहिलं. बंडप्पा दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. कुणी भेटायला आलं तरी पाठ वळायची नाही.

संक्रांतीला शंभू आला आणि त्याने सहज डब्याचा रिमोट त्यांच्या हातात दिला. गाडी पळवायची तर उजव्या अंगठ्याने बटण दाबून धरावं लागे. पहिला आठवडाभर बंडप्पांची गाडी जागची हलली नाही, बाकीच्या गाड्या तिला वळसे घालून जात राहिल्या. चेंडू दाबण्यात कुणी पुढे जात नव्हतं, इथे जात होतं, आणि ते बंडप्पांना सहन होईना. महाशिवरात्रीपर्यंत अंगठा बटण धरू लागला. पाडव्याला त्यांनी आपल्या सदऱ्याचं एक बटण स्वतः लावलं. ते चुकीच्या काजात गेलं होतं, पण नीलम्माने दिवसभर ते तसंच राहू दिलं.

म्हणून डबा बंद पडला तेव्हा नीलम्माने आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. डबा बंद म्हणजे हात बंद, आणि हात बंद म्हणजे पुन्हा ती भिंत. तिला त्या भिंतीची फार भीती वाटत होती.

तिने शंभूला फोन लावला.

"अव्वा, टाकून दे ते," शंभू म्हणाला. "इतकं जुनं कोण दुरुस्त करतंय आता? दिवाळीला नवं घिऊन येतो."

"दिवाळी लई लांब हाय रं."

बंडप्पांनी ते ऐकलं. "टाकून दे म्हनतोय व्हय? नुस्ता पंखा तर गेलाय." आणि मग, आजारी पडल्यापासून प्रथमच, ते कामाच्या आवाजात बोलले. "पेचकस आन. तू खोल, म्या सांगतो."

लग्न झाल्यापासून नीलम्मा दुकानात हाताखाली होती. कॉइलखाली घालायचे कागद कापायचे, वार्निश लावलेल्या कॉइली उन्हात ठेवायच्या, पाना मागितला की पाना द्यायचा. पण मशीन खोलणं हे बंडप्पांचं काम. तिच्या हातात पेचकस आला तेव्हा तिला तो भलताच जड वाटला.

डब्याच्या आत गादीतल्या कापसासारखी धूळ बसली होती. मागच्या बाजूला पानाच्या डबीएवढा चौकोनी पंखा होता. बंडप्पांनी तो डाव्या हातात धरून बोटाने फिरवून पाहिला. पातं अर्धा फेरा करून थांबलं.

"ह्येचं संपलं. दुसरा आन. ह्यो संगं घिऊन जा, न्हायतर भलतंच काय बी देतील."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने नळदुर्गला गेली. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या नंदीशने जुना पंखा उलटासुलटा करून पाहिला.

"मावशी, ह्या मापाचा आता येत न्हाय. ह्यो न्या, कॉम्प्युटरचा हाय. एक साइज मोठा हाय, म्हून मागचं भोक कापून रुंद करा. पन हवा दुप्पट, आन् आवाज बिलकुल न्हाय." त्याने पांढऱ्या मलमाची एक छोटी ट्यूबही दिली. "आतल्या चिपवरचं जुनं मलम वाळून खडू झालं आसंल. ते पुसा आन् हे लावा. नुस्ता पंखा बदलून भागनार न्हाय."

घरी आल्यावर बंडप्पा खाटेवरून उठून दुकानात आले. शटर खालीच होतं, पण ते आपल्या जागेवर बसले हेच नीलम्माला खूप वाटलं. तिने करवतीच्या पात्याने डब्याची मागची बाजू कापली. कागद कापून तिचा हात सरळ झालेला होता. तरी बंडप्पा "सरळ, सरळ" म्हणत राहिले आणि तीही "व्हय" म्हणत राहिली. चिपवरचं वाळलेलं मलम पुसून नवं लावलं, लाल वायरीला लाल, काळीला काळी जोडून झाली. मग पंखा बसवायची वेळ आली.

"ह्येच्यावर बान काढलाय," नीलम्मा म्हणाली. "हवा कुनीकडं जाती त्येचा. बान आत करू का भाईर?"

"आत. मोटारीचा पंखा कुठं आसतो? मागं. आन् हवा कुनीकडं ढकलतो? म्होरं, मोटारीच्या अंगावर. तसंच हे."

नीलम्माचा हात थांबला. तिला दह्याचं भांडं आठवलं होतं. शंभू सुट्टीला घरी यायचा तेव्हा थंडीत ती विरजणाचं भांडं डब्याच्या मागे ठेवायची. तो खेळत बसला की मागून गरम हवा यायची आणि दही छान लागायचं. म्हणजे हा पंखा हवा आत घेत नव्हता, बाहेर टाकत होता. मोटारीचं गणित इथे लागू नव्हतं, आणि जन्मभर मोटारी केलेल्या माणसाच्या हे लक्षात येणं कठीणच होतं.

ती बोलली नाही. पूर्वी ती त्यांच्या रागाला भ्यायची. आता ते रागावले असते तर तिने देवाला नारळ फोडला असता. आता भीती वेगळी होती. आपण चुकलो असं कळलं तर हे माणूस रागावणार नाही, नुसतं वळून भिंतीकडे तोंड करील, असं तिला वाटलं. तिने बाण आत करून चारही स्क्रू आवळले.

डबा सुरू झाला. आवाज खरोखरच नव्हता. बंडप्पांनी अभिमानाने तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान खाली घातली. पत्र्याखाली एप्रिलचं ऊन तापलेलं, त्यात गरम हवा डब्यातच फिरत राहिली. दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत पडदा काळा झाला. थोड्या वेळाने पुन्हा लावून पाहिला, पुन्हा तेच.

"म्या केलेलं काम कदी परत आलं न्हाय," बंडप्पा म्हणाले.

हे काही अगदी खरं नव्हतं.

"हात गेला हुता. आता डोस्कं बी गेलं म्हनायचं."

"आसं नका बोलू. परत एकदा खोलून बघू की."

"बिडु," ते म्हणाले. थकले की ते कानडीत जात. बिडु म्हणजे सोडून दे. ते काठी टेकत खाटेपर्यंत गेले आणि भिंतीकडे वळले. रात्री भाकरी अर्धीच गेली. सकाळी आंघोळ नको म्हणाले. ज्या माणसाने तापातसुद्धा स्नानाशिवाय लिंगपूजा केली नव्हती, त्याने ती तशीच खाटेवर बसून उरकली. नीलम्माला त्यांचा राग आला, दया आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग आला.

दुपारी ते झोपल्यावर ती डबा घेऊन दुकानात गेली. चार स्क्रू काढले, पंखा उलटा केला, चार स्क्रू लावले. एवढंच काम होतं. चोरी केल्यासारखा तिने डबा गुपचूप परत टीव्हीखाली नेऊन ठेवला.

"वायर ढिली हुती," ते उठल्यावर ती म्हणाली. "बसवली नीट. बघा बरं."

"बघू दे तुझं काम," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी रिमोट घेतला. तिने चहा केला. चहा संपला, डबा चालू होता. तिने धान्य निवडलं, अंगण झाडलं, देवापुढे दिवा लावला, तरी निळी गाडी फिरत होती. एका शर्यतीत तर बंडप्पा शेवटून दुसरे आले. नीलम्मा दारातून पाहत होती. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला, पुढे वाकून डावा हात डब्याच्या मागे नेला आणि मागून येणाऱ्या गरम हवेत तळवा धरून ठेवला. बराच वेळ. तिला वाटलं आता बोलतील.

बोलले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आंघोळ, पूजा होऊन कपाळावर विभूती लावलेली होती. नीलम्मा समोर चहा ठेवत होती.

"वायर ढिली न्हवती."

"न्हाय," ती म्हणाली.

"तू पंखा फिरवलास."

"व्हय."

"तुला कवा कळलं?"

"तुमी बान आत कर म्हनलासा तवाच." मग तिने दह्याचं भांडं सांगितलं. सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

"मग बोलली का न्हाईस?"

"कामातलं तुमास्नी कवा काय सांगितलंय का म्या?"

बंडप्पांनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "आजवर आसं किती येळा झालं, नीला? तुला कळलं आन् तू गप बसलीस?"

कधीच नाही, असं ती म्हणू शकली असती. पण वायरीचं खोटं एक रात्रही टिकलं नव्हतं. तिला ओल्या वार्निशवर घाईने बसवलेली मोटार आठवली. विहिरीत उतरवल्यावर उलटी फिरलेली आठवली. एकेकदा आख्खं काम पुन्हा करावं लागलं होतं, आणि बंडप्पांनी माल वाईट म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या, त्या शिव्यासुद्धा आठवल्या.

"आठवत न्हाय," ती म्हणाली.

"म्हंजी लई येळा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लकवा झाल्यापासून ते चटकन येई, आणि नीलम्मा ते पाहिलं नाही असं दाखवी. आज तिने पदराने पुसलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, पुसू दिलं. बशीतला चहा निवून गेला.

त्याच सुमाराला मागच्या गल्लीतली दैवशाला टेबलफॅन कडेवर घेऊन दारात आली. जळकोटात बातमी पसरायला वेळ लागत नाही. "शरणार्थ काकू," असा नमस्कार करून ती नीलम्माला म्हणाली. "तुमी डब्याला नवा पंखा बसवला म्हनं. आमचा ह्यो फिरतच न्हाय बगा, नुस्ता गुंगुं करतोय. बघता का जरा?"

ती हे बंडप्पांच्या देखत, पण बंडप्पांना न विचारता म्हणाली. नीलम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला न्हाय बाई येत त्यातलं काय. ते एक आपलं घरातलं हुतं म्हून..."

"ठिव तिथं," बंडप्पा म्हणाले. "हुईल. सांजच्याला यिऊन ने."

दैवशाला गेली. नीलम्माने कमरेला पदर खोचून शटर वर ओढलं. ते मधेच अडकलं, मग करकरत वर गेलं. हायवेवरचा उजेड आणि ट्रकांची धूळ बरोबरच आत आली. बंडप्पा जागेवर बसले, तिने पंखा त्यांच्यासमोर ठेवला आणि पेचकस हातात घेऊन ते सांगतील याची वाट पाहत उभी राहिली.

"कंडेन्सर गेला आसंल," ते म्हणाले. "पंखा फिरत न्हाय, नुस्ता गुंगुं करतोय म्हंजी कंडेन्सरच." मग थांबले. तिच्याकडे पाहत राहिले. "का तुला दुसरं काय वाटतंय?"

नीलम्माच्या तोंडात 'न्हाय' हा शब्द तयारच होता. तो तिने गिळला.

"मला जळल्याचा वास येतोय," ती म्हणाली. "कॉइल गेलीया, आसं वाटतंय."

बंडप्पांनी पुढे वाकून पंख्याजवळ नाक नेलं. एकदा ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. त्यांना कसलाच वास आला नाही.

"मग खोल," ते म्हणाले.