माझ्या पोटातले पाणी

पणजोबांनी मला या घरात आणले, आजोबांनी मला वळण लावले, आईने मला संसाराच्या धबडग्यात पळवले. आणि आज माझी किल्ली जिच्या हाती आहे, ती चौथ्या पिढीतली धाकटी. मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. मात्र ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः उच्चारला तरच खपवून घेते.

या घरातली बाळंतपणे, बदल्या आणि तापाने फणफणलेली मुले मी वेळेवर पोहोचवली. त्याबद्दल माझी वाहवाही झाली. परंतु एक ऋण माझ्या मनात सलत राहिले. धाकटी वर्षाची असताना, टेकडीवरच्या मावशीकडे जाताना मधल्या वळणावर माझे इंजिन तापले आणि वाफ उसळली. जवळपास पाणी नव्हते. मी निवल्यावर आईने लेकीसाठी उकळून आणलेले बाटलीभर पाणी माझ्या रेडिएटरमध्ये ओतले. उरलेला रस्ता ती पोर तहानेने रडत होती, आणि मी तिच्या वाटचे पाणी पोटात घेऊन चालले होते.

अलीकडे मला घरातल्यांचा संशय येऊ लागला. सकाळी आजोबा इकडेतिकडे पाहत येत, बॉनेट उघडून मगभर पाणी ओतत आणि खोकत निघून जात. दुपारी तसेच आई करी. संध्याकाळी धाकटी. याबद्दल कोणी कोणाशी बोलत नसे. माणसे लपूनछपून लाड करू लागली, की समजावे, निरोपाची तयारी चालू आहे. त्यातच धाकटीच्या मामांनी एके दिवशी टेप लावून माझी लांबी मोजली. माप दोघांचेच घेतात: ज्याला कपडे शिवायचे असतात त्याचे आणि ज्याला हलवायचे असते त्याचे.

मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटीने माझ्याखाली पुठ्ठा सरकवला. बघता बघता तो पुढच्या बाजूला ओला झाला.

“आजोबा, खरं सांगा, हिच्यात पाणी तुम्ही घालता?”

“मी? माझी पाठ मला वाकू देते का?”

“मग न्हाणीघरातला मग इथे चालत आला?”

“तुझ्या आईला विचार.”

आई हात पुसत बाहेर आली. “माझ्याकडे बघू नका. मी फक्त दुपारी घालते.”

“म्हणजे माझं सकाळचं धरून दोनदा?” आजोबा बोलून गेले.

“तीनदा,” धाकटी म्हणाली. “संध्याकाळी मी घालते. मामाला कळलं तर भंगारवाल्याला बोलावेल म्हणून.”

मामा दारातच उभे होते. “वा. सगळं घर एक झालंय, मीच तेवढा परका. ठीक आहे. रविवारी हिला मावशीच्या टेकडीवर चढवून दाखवा. वाटेत वाफ निघाली, तर सोमवारी माझी गाडी या जागेवर उभी राहील.”

प्रत्येकाला वाटत होते, पाणी थोडेसेच तर कमी होते. म्हणून माझे दुखणे किती वाढले, हे एकालाही कळले नव्हते.

धाकटीने इंजिन गार होऊ दिले. पाणी टबात सोडले. ते गंजाने तांबडे झाले होते. मग पट्टा, पंखा आणि शेवटी वॉटर पंप निघाला. पुठ्ठ्यावर पंपाचे चित्र काढून तिने प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवला. माझ्या मनात पाल चुकचुकली. भंगारवाला तरी वेगळे काय करतो? आधी माल मांडतो, मग तोलतो.

पंपाचा दांडा खिळखिळा झाला होता. त्याच्यामागे मात्र सांध्यातली गळती रोखणारी गॅस्केटे एकावर एक दोन चिकटलेली निघाली.

“आजोबा, हे तुमचंच काम ना?”

“दोन लावली की दुप्पट पक्कं, असं वाटलं.”

“डब्याला दोन झाकणं लावता का तुम्ही?”

आजोबा वर्तमानपत्रात शिरले.

ती चिवट गॅस्केटे तिने हलक्या हाताने खरवडली. माझ्या धातूला ओरखडा पडू नये म्हणून ती श्वास रोखून धरत होती. विकायच्या वस्तूसाठी कोणी श्वास रोखत नाही. तिथे माझा संशय प्रथम डळमळला. नवा पंप, नवे एकच गॅस्केट. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळलेले. थर्मोस्टॅटचे गॅस्केटही तिने बदलले, कूलंट भरले आणि आतली हवा निघून जाईपर्यंत मला उभ्या उभ्या चालू ठेवले.

रविवारी आईने पाण्याची बाटली मांडीवर घेतली. “असू दे जवळ. हिचा काही भरवसा नाही.”

मी अपमान गिळला. मामा पुढे बसले होते. त्यांचे डोळे रस्त्यावर नव्हते, तापमानाच्या काट्यावर होते. चढ लागला. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. पूर्वी वाफ उसळली होती, त्याच वळणावर धाकटीने मला मुद्दाम थांबवले. मामांनी वाकून पंपाखाली बोट फिरवले. बोट कोरडे होते.

“आता इथे मुक्काम करायचाय का?” ते म्हणाले. “चला, मावशी वाट बघत असेल. माझी गाडी मी लावीन रस्त्याकडेला.”

मित्रांनो, दुखणे झाकून लाड करू नका. आधी ते उघडे करा, मग औषध करा. यंत्राची काळजी अशीच घ्यावी लागते, आणि माणसांची निराळी नसते.

आईने बाटली लेकीपुढे धरली. “हिला नकोय ना? मग तू पी.”

माझ्या बॉनेटला टेकून, धाकटीने ते बाटलीभर पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकले.