साखळीच्या टोकाचे टोपण

हसू नका, मित्रांनो. दिसायला काडेपेटीहून थोडासाच मोठा असलो, तरी मी एक जुना टर्मिनेटर आहे. जोयड्याच्या पाऊस-नोंदणी कचेरीतल्या सर्व्हरची सगळी साखळी माझ्यापाशी येऊन संपत असे. एवढे अवघड नाव तिथे कोणाच्या जिभेवर बसले नाही. पुढे सगळे मला टोपण म्हणू लागले आणि मलाही ते आवडले. टोपण नसलेल्या गुळाच्या डब्याचे काय होते, ते तुम्हाला माहीतच आहे!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात वीज अडवणारे बारीक रोधक, पुढे पन्नास टोकांचे तोंड, पाठीवर एक हिरवा दिवा. जन्मल्याबरोबर आमची तपासणी झाली. माझ्या दोनशे भावंडांपैकी सात जण बाद ठरले. मी ठरलो नाही, हे मी मुद्दाम सांगतो. १९९३ साली सर्व्हरबरोबर मी बेळगावहून जीपने निघालो. रामनगरच्या पुढे रस्त्याने आम्हाला असे काही हाडाहाडांतून हलवले की गोधडीत गुंडाळलेला तो थोरला सर्व्हरही कुरकुरू लागला. मी मात्र तोंडातून शब्द काढला नाही.

आता माझे काम काय ते ऐका. सर्व्हर म्हणजे कचेरीची सारी माहिती सांभाळणारा संगणक. त्याच्या शेजारी डिस्कच्या दोन पेट्या आणि टेपची एक पेटी होती. माहिती डिस्कवर राही आणि तिची एक नक्कल टेपवर. हे सगळे एकाच जाड केबलच्या वाटेने जोडलेले होते. या वाटेला बस म्हणतात. कुंभारवाड्याला दिवसातून दोनदा येणारी बस निराळी. आमची बस एका सेकंदात लाखो फेऱ्या मारी आणि चिखलात कधी रुतत नसे.

कुंभारवाड्यात एका टेकडीवरून हाक मारली की ती समोरच्या कड्यावर आपटून परत येते. परत आलेली हाक नव्या हाकेत मिसळली की ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही. केबलचे टोक उघडे राहिले तर अगदी तसेच होते. मी शेवटच्या पेटीमागे बसून आलेली प्रत्येक हाक पोटात जिरवत असे. दुसऱ्या टोकाला, सर्व्हरच्या आत, माझा एक भाऊ हेच काम करी. आम्ही दोघे दोन टोकांना होतो, म्हणून मधले सगळे शहाण्यासारखे बोलत.

मला बसवले ते यशवंत नावाच्या इंजिनियरांनी. माझ्या दोन्ही बाजूंना तारेचे कान अडकवून ते मोठ्या साहेबांना म्हणाले, "ह्या शेवटच्या तुकड्याला कुणी हात लावायचा न्हाई बरं का." साहेबांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली आणि ती सूचनाही त्यांच्याबरोबर गेली. माझे तोंड पेटीत आणि पाठ भिंतीकडे. माझा हिरवा दिवा बघायला पालीशिवाय कोणी येत नसे. खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटे.

सर्व्हरसमोर बसे ती रुक्मा. कुंभारवाड्याच्या वाडीतली, एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झालेली पहिली मुलगी. तिचे वडील म्हादू, म्हणजे तिचे आप्पा, भातशेती करत आणि कचेरीसाठी वाडीतला पाऊस मोजत. १९७२ पासून पुढे अठरा वर्षे, रोज सकाळी साडेआठला, पायाला जळवा लागोत की ताप चढो, ते पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मापात ओतून आकडा लिहीत. एकूण सहा हजार पाचशे पंचाहत्तर दिवस. एकही दिवस चुकला नाही.

त्या वह्या कचेरीच्या कपाटात होत्या आणि कपाटात वाळवीही होती. रुक्माने वाळवीशी शर्यत लावून सगळ्या नोंदी सर्व्हरवर चढवल्या. शेवटची वही संपली तेव्हा तिच्या हातात पानांपेक्षा भुगाच जास्त होता. त्या दिवशी तिने आप्पांना मुद्दाम बोलावून पडद्यावर एक ओळ दाखवली होती. ती ओळ तिच्या जन्मदिवसाची होती. आप्पांना वाचता येत होते ते फक्त आकडे. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग बस पकडायला गेले.

मग आली १९९६ ची खंडेनवमी, म्हणजे आमच्याकडची आयुधपूजा.

कचेरीचा शिपाई धाकलू पन्नाशीचा, उळवीच्या वाटेवरच्या एका वाडीतला. पूजेचा सारा मान त्याचा. त्याने यंत्रे बंद करवली, धूळ पुसली, झेंडूच्या माळा बांधल्या. त्याच्या वाडीत आयुधपूजेला अख्खा नांगर देवापुढे मांडत नाहीत. नांगराचा फाळ काढून, धुऊन, कुंकू लावून पाटावर ठेवतात. आता या थोरल्या यंत्राचा फाळ कोणता? धाकलू वाकून सगळीकडे हात फिरवत मागे आला. स्क्रूड्रायव्हरशिवाय सुटणारी वस्तू एकच होती. ती म्हणजे मी.

मित्रांनो, तीन वर्षांनंतर मी प्रथमच उजेडात आलो. धाकलूने मला धोतराच्या सोग्याने पुसले, गंध लावले, कुंकू लावले आणि देवाच्या कोनाड्यात, साहेबांच्या पेनाच्या आणि जीपच्या किल्लीच्याही वर, मधोमध ठेवले. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! पेन आणि किल्ली त्यांचे मालक दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. मी राहिलो. फाळ नांगराला परत लावतात तो नांगरणीच्या दिवशी, ज्याला नांगरायचे तो लावतो, असा धाकलूचा हिशेब. तो निश्चिंत मनाने भातकापणीसाठी गावी गेला. देवाच्या कोनाड्याला त्याच्याशिवाय कोणी हात लावत नसे. झेंडूचा हार घसरून माझ्यावर पडला आणि मी त्याखाली झाकला गेलो.

दसऱ्यानंतर यंत्र सुरू झाले. पहिले दोन तास बरे गेले. मग पडद्यावर ओळी येऊ लागल्या: डिस्क दोनचे उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न. बस नव्याने सुरू. तिसऱ्या दिवशी पावसाची फाइल उघडेना. टेपवरची नक्कल काढावी, तर टेपही अर्ध्यावर अडखळून थांबू लागली. मी हाराखालून ओरडत होतो, "अगं, मी इथे आहे!" पण आम्हा निर्जीवांचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

रुक्मा घाबरली, पण गडबडली नाही. तिने आधी त्या डिस्कवर नवे काही लिहायचे बंद केले. मग एक कोरी वही घेतली आणि आप्पांनी पाऊस लिहावा तशी प्रत्येक चूक लिहू लागली. किती वाजता, कोणत्या पेटीची, त्या वेळी काम कोणते चालले होते. नव्या साहेबांना मात्र धीर नव्हता. सोमवारपासून नव्या केंद्रांच्या नोंदी सुरू व्हायच्या होत्या. त्यांनी हुकूम दिला, "शुक्रवारी इंजिनियर येतील, चार वाजता मी सही करतो, डिस्क पुसून कोरी करा." टेप वाचत नव्हती आणि वह्यांचा भुगा झालेला, म्हणजे म्हादूंची अठरा वर्षे कायमची पुसली जाणार होती.

शुक्रवारी यशवंतसाहेब आले. पाठोपाठ कुंभारवाड्याच्या बसने म्हादू आले. कंडक्टरकडून त्यांना बातमी लागली होती. ते दारातच उभे राहिले.

"माजा पाऊस गेला म्हनं. खरं काय गे?"

"अजून गेला न्हाई, आप्पा. बसा तुमी," रुक्मा म्हणाली आणि तिने बाक पुढे ओढला.

यशवंतसाहेबांनी पडद्यावरच्या ओळी पाहिल्या आणि मान हलवली. "डिस्क दोन गेली, बाई. पुसून बघू. राहिली तर राहिली, न्हाईतर नवी घालू."

"सर, जरा थांबा की. ही वही बघा." रुक्माने वही पुढे सरकवली. "एकेचाळीस चुका हाईत. चौदा पहिल्या डिस्कच्या, पंधरा दुसरीच्या, बारा टेपच्या. दोन नंबर आजारी हाय, तर बाकीच्यांना काय झालंय?"

"त्याबी खराब असतील."

"खंडेनवमीच्या आधी तिन्ही धड हुत्या. एकाच सणात तिघी आजारी पडल्या? आणि लहान काम दिलं तर चालतात, मोठं दिलं की अडखळतात." तिने जाड केबलकडे बोट दाखवले. "मला वाटतंय, सर, खोट घरात न्हाई, वाटंत हाय."

यशवंतसाहेब हुशार माणूस, पण शिकवणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आणि शिकून घेणे जरा कमी. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. वही एकदा वाचली. परत वाचली. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पुसायची आज्ञा देण्याऐवजी खाली वाकले. हे त्यांचे मला आजही कौतुक वाटते.

त्यांनी आधी प्रत्येक पेटीचा क्रमांक तपासला. दोन पेट्यांना एकच क्रमांक असेल तर दोघी एकदम उत्तर देतात आणि गोंधळ होतो. क्रमांक ठीक होते. मग केबल बदलून पाहिली. चुका तशाच. घड्याळात साडेतीन वाजले. शेवटी ते टेबलाखाली शिरले, केबलवर हात ठेवून एकेका पेटीवरून पुढे सरकत टोकाला आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या बोटांना लागली नुसती उघडी खाच.

"टर्मिनेटर कुठाय?" ते खालूनच ओरडले.

रुक्मा गोंधळली. "तो कसा दिसतो, सर?" तीन वर्षे तिच्यापासून दोन हातांवर राहून तिने मला कधी पाहिलेच नव्हते.

"एवढासा. पाठीवर हिरवा दिवा, दोन बाजूंना तारेचे कान. बेळगावास्नं मागवायला आठ दिवस तरी लागतील." बाकावर बसलेल्या म्हादूंनी मान खाली घातली. चारला अर्धा तास उरला होता.

तेवढ्यात हे बोलणे ऐकतच धाकलू दारातून आत आला. कापणी आटोपून, नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी घेऊन. आल्या आल्या तो सवयीने कोनाड्याकडे वळला आणि वाळलेला हार उचलता उचलता म्हणाला, "हिरव्या दिव्याचं टोपण व्हय? हे काय, पूजेत हाय की."

सगळे कोनाड्याकडे वळले.

"नांगराचा फाळ काढून पूजतो न्हवं आमी? ह्या यंत्राचं तेवढंच सुटत हुतं. जवा नांगरायचं तवा लावतील म्हटलं..." बोलता बोलता त्याने सगळ्यांची तोंडे पाहिली. पोह्यांची पिशवी त्याने छातीशी घट्ट धरली.

यशवंतसाहेबांनी काही तिखट बोलायला तोंड उघडले होते. पण रुक्मा आधी बोलली. "धाकलूमामा, यंत्राचा फाळ हाच, हे तुमी एकट्यानं वळखलं. आमी तर त्याला कदी बघितलंबी न्हवतं."

धाकलूने मला दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसे पुढे केले. यशवंतसाहेबांनी यंत्र बंद केले, माझ्या तोंडात शिरलेले कुंकू स्पिरिटने आणि बारीक कुंचल्याने पुसून काढले आणि मला जागेवर बसवून कान अडकवले. यंत्र सुरू झाले. माझा हिरवा दिवा लागला. मित्रांनो, त्या क्षणी सगळ्या हाका धावत माझ्याकडे आल्या आणि मी एकीलाही परत जाऊ दिले नाही! जीव तोडून काम करणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

रुक्माने सगळ्यात मोठे काम लावले, अठरा वर्षांच्या पावसाची टेपवर नवी नक्कल. एकही चूक नाही. नक्कल ताडून पाहिली. सहा हजार पाचशे पंचाहत्तर ओळी, एकही कमी नाही. चार वाजता साहेब सही करायला आले तेव्हा पुसण्याचा कागद यशवंतसाहेबांनी स्वतःच फाडला आणि म्हणाले, "ह्या बाईंनी वही ठेवली म्हणून वाचलं. मी डिस्कच पुसायला निघालो हुतो." असे कबूल करायला मोठे मन लागते.

मग रुक्माने फाइल उघडली. "नऊ जुलै एकोणीसशे चौऱ्याहत्तर," तिने वाचले. "एकशे त्रेचाळीस मिलिमीटर."

म्हादू उठून पडद्याजवळ आले. बोटाने आकडा शिवून बघितला. "व्हय," ते म्हणाले. "पहाटं तू जल्मलीस. सुईण म्हनाली, पोरीचं तोंड बघ. मी म्हटलं, साडेआठ वाजायला आल्यात, आदी पाऊस मोजून येतो. आल्यावर बघितलं." आणि मग जरा ओशाळून, "कदी सांगितलं न्हवतं तुला."

रुक्मा हसली आणि रडलीही. धाकलूने सगळ्यांच्या हातावर पोहे ठेवले. मी पेटीमागे, भिंतीकडे पाठ करून, हिरवागार उजळत होतो. तिथे मला कोणी बघत नव्हते, आणि त्या दिवसापासून मला त्याचे काही वाटेनासे झाले.

आता १९९९ साल उजाडले आहे. नवा सर्व्हर आला, त्याला माझी गरज नाही. म्हादूंचा पाऊस नव्या डिस्कवर गेला आहे आणि त्याची एक नक्कल बेळगावला सुखरूप आहे. मी रुक्माच्या टेबलाच्या खणात, म्हादूंच्या काचेच्या मापाशेजारी असतो. खंडेनवमीला आम्ही दोघे पाटावर बसतो. तुमच्याही घरात, शाळेत, कुठल्यातरी यंत्राच्या मागे माझ्यासारखा कोणी निमूट काम करत असेल. त्याला ओळखा, पुसा, त्याची पूजाही करा. त्याला आवडेल, मी खात्रीने सांगतो. फक्त नंतर त्याला जागेवर बसवायला विसरू नका.

धाकलू तर कधीच विसरत नाही. पूजेसाठी नव्या यंत्राचे काहीही काढले असले, तरी आरती संपली की तो प्रसादाचे ताट धरून दारात आडवा उभा राहतो. साहेब असोत की यशवंतसाहेब, सगळ्यांना त्याचे एकच सांगणे: "आदी टोपण, मग प्रसाद."