बाबांनी भरलेल्या मोटारी

मी आता कुठंही, कुणाहीसमोर बोलू शकते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा घाबरायची. मग एका संध्याकाळी बाबांनी मला अमृतरावकाकांच्या हळदीच्या रानाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले आणि तिकडून ओरडले, "प्रियदर्शनी, बोल! मागच्या बाकापर्यंत पोचलं पाह्यजे!"

रोज अर्धा तास. हळदीची पानं माझ्या कमरेएवढी होती तेव्हा सुरू केलं. हळद काढणीला आली तोपर्यंत माझा आवाज रान ओलांडून रस्त्यावर जायला लागला होता. आई म्हणायची, "पोरीला बोलायला शिकवलं, आता गप बसायला कोन शिकवनार?"

या जानेवारीत कळमनुरीला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. विषय होता 'माझा आदर्श'. मी बाबांवर बोलले. एकोणीस वर्षं त्यांनी विनाअनुदानित शाळेत गणित शिकवलं. अनुदान आलं नाही, पोरं कमी होत गेली आणि शाळा बंद पडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी सोनाजी खिल्लारे सर वारंगा फाट्यावर शेतातल्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायला शिकू लागले. मोटार भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढायची, नवीन तारेचे मोजून वेढे घ्यायचे आणि ते एकेका खाचेत बसवायचे. शेवटी मी हात वर करून म्हणाले, "काल माझे बाबा फळ्यावर गणितं सोडवायचे. आज त्यांनी भरलेल्या मोटारींवर बत्तीस शेतं भिजत आहेत!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

बत्तीस हा आकडा माझा होता. कुणाची मोटार भरली ते बाबा रोज घरी येऊन सांगायचे, मी मोजायची. शाळेच्या बसमधून जाताना कुठं पाइपातून पाणी पडताना दिसलं की मी माझ्या मैत्रिणीला, आकांक्षाला कोपर मारायची, "बघ, ते माझ्या बाबांचं पाणी."

बाबांचा उस्ताद म्हणजे मुन्नादादा. सत्तावीस वर्षांचा, आणि बाबांचाच विद्यार्थी! मागच्या बाकावरचा, गणितात दोनदा नापास. त्याच्या दुकानात सगळे पोत्यावर बसून काम करायचे, फक्त बाबांना खुर्ची. तीही गादी घातलेली. सगळ्यांना चहा ग्लासात, बाबांना कपबशीत. बाबा म्हणायचे, "अरे मुन्ना, खुर्चीत बसून मोटार भरता येत न्हाई." तो म्हणायचा, "असू द्या सर." आम्हाला घरी याचं फार हसू यायचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बाबा लग्नाला वसमतला गेले होते. चष्मा दुकानात राहिला म्हणून त्यांचा फोन आला. सकाळची शाळा सुटल्यावर मी फाट्यावर उतरले.

मुन्नादादा एकटाच होता. पुढ्यात मोटार उघडी आणि बाजूला तांब्याच्या तारेचा ढीग, नवीकोरी, लखलखीत. पण कापून काढलेली. मोटारीवर खडूनं 'अमृतराव' लिहिलेलं होतं. फळ्यावरचं असावं तसं सुंदर, गोल अक्षर. ते अक्षर मी कुठंही ओळखीन.

"मुन्नादादा, ही तर काल बाबांनी भरली ना?"

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. "आं? व्हय. ते... गिऱ्हाइकानं दुसरी तार मागितली."

कोपऱ्यात आणखी एक मोटार होती. तिच्यावरही बाबांचं अक्षर. तपासणीचा दिवा काय असतो ते बाबांनीच मला शिकवलं होतं. एक टोक तारेला लावायचं, एक मोटारीच्या लोखंडाला. दिवा लागला नाही तर काम पास. लागला तर आतली तार लोखंडाला टेकलीय, सगळं वाया.

"हिला दिवा लाव," मी म्हणाले.

"प्रियू, घरी जाय. आई वाट बघून राहिली आसंल."

"लाव."

त्यानं लावला. दिवा लागला. भर दुपारी, उजेडात, पिवळाधमक.

"किती मोटारी अशा?" त्यानं दिवा काढून घेतला. "किती, मुन्नादादा?"

"समद्या," तो म्हणाला. "वेढ्यात सर पक्के हायेत. एक वेढा इकडचा तिकडं न्हाई. पन तार खाचेत बसवताना जोर लावतेत, वरचं वार्निश खरचटतं. दिवा लावायचं काम मी माझ्याकडंच ठिवलंय. सर सहाच्या गाडीनं गेले की मी खोलतो, पुन्हा भरतो. मला काय तकलीफ न्हाई."

सात महिने तो हे करत होता.

"मग त्यांना सांगत काहून न्हाई?"

धावत्या ट्रकसमोर उभा राहा म्हटल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं. "सरांना? दुसरं कुनी आसतं तर पक्कड फेकून मारली आसती. मीबी शिव्या खाऊनच शिकलो. पन साळंत समदे मला मठ्ठ म्हनायचे. सर एकटेच म्हनले, मुन्ना, तुझे हात हुशार हायेत. त्याच्यावर मी ह्ये दुकान टाकलं. आता त्यांनाच कसं म्हनू, सर, तुमचे हात..."

तो उठला. चष्मा माझ्या हातात देत एवढंच म्हणाला, "तुला शपथ हाय. सांगू नको."

घरी आले. आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "गप ऱ्हाय. साळा बंद पडल्यापासून आत्ता कुठं त्यांना नीट झोप लागून राहिली."

पण मी गप बसणाऱ्यातली राहिले नव्हते ना! मला वाटलं, खरं सांगितलं की सगळं नीट होईल. मी सांगू शकते, मग मीच सांगायचं. संध्याकाळी बाबा आले, चष्मा पुसायला लागले आणि मी सांगितलं. अडखळले नाही. आवाज कापला नाही. भाषणाच्या सरावाला ऐकायचे तसंच बाबा ऐकत होते, मध्येमध्ये मान हलवत. माझं संपल्यावर त्यांनी चष्मा घातला.

"पोचलं," म्हणाले.

जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले, मी मागोमाग. बाबांनी खुर्ची उचलून बाहेर ठेवली आणि पोत्यावर बसले. "मुन्ना, आजपासून मला सोनाजी म्हन. चुकलो की शिवी घाल."

मुन्नादादानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

बाबा तार बसवायला लागले. मला काही कळत नव्हतं, तरी दिसलं की त्यांचा अंगठा जोरानं दाबतोय. मुन्नादादालाही दिसलं. त्याचा हात वर गेला, ओठ हलले. बाबा आणि मी, दोघं वाट बघत होतो. बोल ना, मी मनात म्हणत होते, बोल, एकदा बोल.

"सर," तो म्हणाला, "चांगलं हाय."

बाबांनी तार खाली ठेवली. "लेकरा, तू मला कधीच शिकवू शकनार न्हाईस." मुन्नादादा त्यांच्या पायाशी बसून हमसून रडला. बाबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. शाळेत एखादं पोरगं पडलं तर फिरवायचे तसा.

आठ दिवसांनी बाबा छत्रपती संभाजीनगरला गेले. तिथं मोटारी भरायचं एक मोठं दुकान आहे. तिथं त्यांना कुणी सर म्हणत नाही, म्हणूनच ते तिथं गेले. वीस-बावीस वर्षांच्या पोरांसोबत एका खोलीत राहतात. फाट्यावर सोडायला मुन्नादादाही आला होता. तार खाचेत सारायची त्याची स्वतःची बांबूची पट्टी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, त्यानं बाबांच्या पिशवीत घातली. बस हलली तेव्हा बाबा खिडकीतून म्हणाले, "बोल काहीतरी, प्रियदर्शनी!" कळमनुरीत पहिली आलेली मी. माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही.

आता बसमधून पाणी दिसलं की मी आकांक्षाला कोपर मारत नाही.

बाबांचा दर रविवारी दुपारी फोन येतो. परवा बोलताना मागून कुणीतरी ओरडलं, "ए सोनाजी, फोन ठेव बे! खाचा काय तुझा बाप साफ करनार?"

आमच्याकडं बाबांना नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. आईसुद्धा 'अवो' म्हणते.

"आलो, आलो उस्ताद," बाबा तिकडं म्हणाले. मग मला, "ऐकलं का? दिवसातून धा येळा!" त्यांचा आवाज चक्क खूश होता.

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "बाबा, दिवा लागतो का अजून?"



"लागतो," म्हणाले. "पन इथं सांगतेत."