बंधूंच्या हातात वाढलेला पाय

"वाढतोय," बंधू म्हणाले. "डोळे उघडे ठेवा आणि बघा. वाढतोय."

आणि सगळ्यांनी तो वाढताना पाहिला. मुलांच्या इस्पितळातल्या या दालनात एरवी आईबाप आपला नंबर येण्याची वाट पाहत पेंगत असत. आज तिथे मुंगीला शिरायला वाव नव्हता. मधोमध एका खुर्चीवर चिमणी बसली होती. जन्मापासून डावा पाय आखूड, त्यामुळे पोर टुणटुण उड्या मारत चाले, म्हणून वॉर्डाने तिला चिमणी करून टाकलं होतं. बंधू तिच्यापुढे गुडघे टेकून बसले होते आणि तिच्या दोन्ही टाचा त्यांच्या तळहातांवर होत्या. बंधूंबरोबर परदेशातून सेवेला आलेल्या चर्चच्या तुकडीतली तरुण पोरं पिवळे टी-शर्ट घालून भिंतीच्या कडेने हळू आवाजात गात होती.

"स्वर्गात भांडार आहे," बंधू म्हणाले. "तिथे हातापायांची चळत लागलेली आहे. मागणारेच कमी."

वॉर्डाची मोठी सिस्टर दुभाषी होती. तिने मख्ख चेहऱ्याने आपल्या लोकांना सांगितलं, "वर पायांचं गोदाम आहे म्हणतात."

आखूड पायाची टाच हळूहळू सरकली आणि दुसरीच्या बरोबरीला आली. चिमणीच्या आईने तोंडावर पदर दाबला. बंधूंनी पोरीला झपकन उचलून खांद्यावर घेतलं आणि टाळ्यांच्या गजरात दालनभर नाचवलं.

खुर्ची उचलायला गोगलगाय पुढे आली. तुकडीतल्या पोरांनी तिला हे नाव दिलं होतं. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू, पाठ एका अंगाला कललेली. तिच्याकडे काम एकच: जिथे जाऊ तिथे बंधूंसाठी हात नसलेली, गुळगुळीत बैठकीची खुर्ची शोधून ठेवायची. हात असलेली खुर्ची बंधूंना चालत नसे. "देवाला अडसर नको," असं ते म्हणत.

दुपारी हाडांच्या डॉक्टरबाई वॉर्डात आल्या तेव्हा चिमणीच्या आईने पोरीचा जाड तळाचा बूट त्यांच्या हातात ठेवला.

"हा दुसऱ्या कुणाला तरी द्या, बाई. उद्याचं ऑपरेशन नको. आम्ही संध्याकाळी घरी जातो."

"अहो, पाय तेवढाच आहे. मी आत्ता मोजून दाखवते."

"तुम्ही मोजाल हो. तुम्हाला कापायचंय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"आत्ता सोडलंत तर पाठ वाकेल तिची. मग मीही काही करू शकणार नाही."

सिस्टरला दुभाषी म्हणून घेऊन बंधू दारातच उभे होते. गोड हसून म्हणाले, "देवाने दिलेल्या पायाला सुरी लावायची म्हणजे त्याने दिलेलं दान परत करण्यासारखं आहे, आई. आणि एक लक्षात ठेवा. विश्वास डळमळला तर पाय पुन्हा आखडतो."

चादरी घड्या करत असलेल्या गोगलगायीचे हात थांबले.

हेच शब्द. लहानपणी, तिकडे तिच्या देशात, तिच्या गावच्या चर्चमध्ये याच माणसाने तिच्या टाचा हातात धरल्या होत्या आणि तिच्या वडिलांनी आनंदाच्या भरात तिचा जाड तळाचा बूट चुलीत घातला होता. महिनाभराने पाय होता तेवढाच आहे हे दिसलं, तेव्हा बंधूंनी भरल्या सभेत सांगितलं होतं की मुलीचा विश्वास कमी पडला. तिची पाठ त्यानंतर वाकली. पण पाठीचं तिला फारसं काही वाटत नसे. वडील वारले तेही तिच्याकडे विश्वास कमी पडलेली मुलगी म्हणून बघतच. ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

बंधूंना तिची ओळख पटली नव्हती. त्यांनी इतके पाय वाढवले होते की एखादा लक्षात राहण्याचं कारणच नव्हतं.

तीही बराच काळ स्वतःलाच दोष देत राहिली, म्हणूनच त्यांच्या तुकडीत सेवेला आली. पहाटेची प्रार्थना तिने कधी चुकवली नाही, शुक्रवारचा उपास मोडला नाही. पाठीमुळे गुडघे टेकून फार वेळ बसता येत नसे, म्हणून ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसे. देवापुढे पाय पसरून बसायची तिला लाज वाटे. याच दौऱ्यात एका पहाटे कळ आली म्हणून तिने जोडलेले पाय जरासे आखूड पायाच्या बाजूला वळवले, तर दोन्ही टाचा बरोबरीला आल्या. तिने पाय सरळ केले. टाच मागे गेली. पुन्हा वळवले. पुन्हा बरोबर. तिने प्रार्थना पुरी केली आणि शेवटी देवाला स्पष्ट सांगितलं की, माझ्या मनात सूड आहे, तो चुकीचा असेल तर मला अडव. देवाने काही अडवलं नाही.

संध्याकाळी त्याच दालनात साक्षीची सभा भरली. तुकडीतला एकेक जण उठून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगे. साक्ष चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, हा बंधूंनीच घालून दिलेला दंडक होता. चिमणीची आई गाठोडं बांधून, त्यावर पोरीला बसवून पहिल्याच रांगेत होती आणि डॉक्टरबाई तो बूट हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या. निघण्याआधी तिला बंधूंचा आशीर्वाद हवा होता.

गोगलगाय उठली. पोरं कौतुकाने बघू लागली. तिचा आवाज कुणी धड ऐकलाच नव्हता.

"माझी साक्ष बंधूंच्या चरणांशी आहे," ती म्हणाली. "त्यांनी खुर्चीवर बसावं."

बंधू सुखावले. लाजल्यासारखं करून बसले. तिने ओठ आवळत गुडघे टेकले, त्यांचे बूट काढले, दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा त्यांच्या उजव्या बाजूला नेल्या.

"अरेरे," ती म्हणाली. "बंधूंचा डावा पाय आखूड आहे."

दालनात खसखस पिकली. खरंच, डावी टाच दोन बोटं मागे होती.

"घाबरू नका, बंधू. वर गोदाम आहे." सिस्टरने हे विशेष आवडीने भाषांतरित केलं. "वाढतोय. डोळे उघडे ठेवा आणि बघा. वाढतोय."

तिने टाचा मध्यावर आणल्या. बरोबर झाल्या. मग डाव्या बाजूला नेल्या.

"जरा जास्तच वाढला. आता उजवा आखूड. काय करायचं, बंधू, तुमचा विश्वास डळमळला वाटतं?"

बंधू उठायला लागले. तिने टाचा सोडल्या नाहीत.

"साक्ष चालू आहे," ती शांतपणे म्हणाली. तुकडीतल्याच एका गिटारवाल्या पोराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. मग तिने आणखी चार वेळा पाय वाढवला आणि आखडला. लोक पोट धरून हसले. बंधूंचे कान लाल झाले तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

"यात जादू नाही," ती लोकांकडे वळून म्हणाली. "जोडलेले पाय ज्या बाजूला वळवाल, त्या बाजूचा पाय लांब दिसतो. खुर्चीला हात असले तर पाय वळत नाहीत, म्हणून मी बिनहाताची खुर्ची शोधायची. तुम्ही टाचांकडे बघत राहता, पाय कुठे चाललेत ते कुणी बघत नाही. आणि शेवटी हे पोरांना उचलून नाचवतात. का, माहीत आहे? उभं केलं की सगळं उघडं पडतं."

चिमणीच्या आईने पोरीला गाठोड्यावरून उतरवलं आणि फरशीवर अनवाणी, ताठ उभं केलं. डावी टाच जमिनीला लागेना. आईने खाली वाकून टाच आणि फरशी यांमध्ये आपली बोटं घातली. सहज गेली.

ती उठली आणि बंधूंसमोर गेली. "आता उचला की तिला," ती म्हणाली. "नाचवा. मी टाळ्या वाजवते."

बंधूंनी सिस्टरकडे पाहिलं. "याचं भाषांतर हवंय का?" सिस्टरने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

आईने डॉक्टरबाईंच्या हातातला बूट परत घेतला. "उद्यासाठी किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं हिला?" एवढंच तिने विचारलं. डॉक्टरबाई तिथेच तिच्याशेजारी बसल्या आणि समजावून सांगू लागल्या.

बंधू गोगलगायीजवळ येऊन पुटपुटले, "एकांतात सांगायचं होतंस. चारचौघांत कशाला?"

"माझा विश्वास कमी आहे हे माझ्या बाबांना तुम्ही एकांतात सांगितलं होतंत का?"

त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. ओळख पटली की नाही, कोण जाणे. "क्षमा कर," ते म्हणाले.

"करीन. मला ती करावीच लागेल, रोज तेच तर म्हणते मी प्रार्थनेत. पण आधी जिथे जिथे पाय वाढवलेत तिथे तिथे जाऊन असंच खुर्चीवर बसा, आणि तिथल्या आईबापांना तुमच्या टाचा धरू द्या. सगळे झाले की या माझ्याकडे."

एव्हाना दालनभर आईबापांनी एकमेकांना खुर्च्यांवर बसवून पाय वळवून बघायला सुरुवात केली होती. एका बापाने आपल्या सासूचा पाय वाढवला आणि ती खदाखदा हसली. गोगलगाय भिंतीचा आधार घेऊन सावकाश उभी राहिली आणि सिस्टरला म्हणाली, "एवढं सांगा यांना. प्रार्थना करा, मीही करते. पण देवाने काही केलं असेल, तर ते जमिनीवर उभं राहिल्यावरही दिसेल. लेकरू बरं झालं असं कुणी म्हटलं, तर त्याला उभं करा, चालवा, डॉक्टरला दाखवा. आणि जो बघू देणार नाही, त्याच्या हातात आपल्या लेकराचा पाय देऊ नका."