माझी भेग झाकू नका

मी एक जुनी तुळई आहे, मित्रांनो. तुळई म्हटल्यावर छपराखालची लांबलचक वस्तू डोळ्यांपुढे आणू नका. मी जेमतेम हातभर लांब, काँक्रीटची, आणि माझा जन्म मोडून बघण्यासाठीच झाला. हो, मोडून बघण्यासाठी! हे कळलं तेव्हा माझी बोबडीच वळली होती.

त्याचं असं झालं. शाळेपुढच्या खोल नाल्यावर काँक्रीटची झाकणं बसवायची होती. त्यांत लांब सळ्या घालायच्या नव्हत्या. मिक्सरमध्येच टोकं वाकवलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पोलादी तारा मूठमूठ टाकल्या होत्या. झाकणं ओतली आणि त्याच मालातून परीक्षेसाठी दोन तुळया केल्या. आधी माझी थोरली बहीण, मग मी.

ओतकामाचे प्रमुख होते मिस्त्री. त्यांच्या कामात खोड काढायची कुणाची छाती नव्हती. काँक्रीटमध्ये बुडबुडे राहू नयेत म्हणून त्यांनी थरथरणारी लोखंडी नळी थोरलीच्या बरोब्बर मधोमध खुपसली आणि तिला अशी तुकतुकीत केली की सगळे बघत राहिले. "काय देखणी उतरलीय पोरगी!" ते म्हणाले.

माझी पाळी आली आणि त्यांची नात कुंपणावरून पडली. तिचं नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकतच नसे. मिस्त्री हातातली नळी टाकून तिच्याकडे धावले. दुसऱ्याच कुणी माझ्या साच्याला बाहेरून चार हातोडे मारले आणि उरकून टाकलं. मला फार राग आला. थोरलीचे एवढे लाड, आणि मला नुसते धपाटे!

पुढे आम्ही दोघी पाण्याच्या टाकीत मुरत पडलो. खरं तर आधी आमची परीक्षा व्हायची आणि मग झाकणं बसायची. पण शाळा उघडायची घाई होती, म्हणून झाकणं आधीच बसली. मिस्त्रींचं काम म्हटल्यावर कुणाला शंकाही आली नाही.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्री धुतलेला सदरा घालून प्रयोगशाळेत आले. तिथल्या मॅडमनी थोरलीला यंत्रावर ठेवलं. दोन्ही टोकांना आधार होता, वरून दाब. मी शेजारच्या टेबलावरून कौतुकानं बघत होते.

फाड्! ना चरचर झाली, ना भेग दिसली. माझ्या बहिणीचे डोळ्यांदेखत दोन तुकडे झाले. मित्रांनो, मी अक्षरशः थिजले. आजही तो आवाज आठवला की मला थंडी भरते.

"असं कसं झालं? तारा होत्या की आत!" मिस्त्री ओरडले.

मॅडमनी तुकडा उलटला. कडेला तारांची टोकं ब्रशसारखी उभी होती. मधला गोल भाग मात्र साफ रिकामा होता.

"काका, इथे नळी घातली होती का?"

"घातली की. नेहमीच घालतो."

"नळीनं तारा बाजूला सारल्या. नळी काढली तेव्हा मध्ये नुसतं काँक्रीट भरलं. वाकताना सगळा ताण नेमका मध्येच येतो." मॅडमनी तुकडा खाली ठेवला. "झाकणांतही घातली होती?"

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळ्यांत," ते कसेबसे म्हणाले. "मधोमध. आणि शाळा आत्ता सुटेल. माझी भिंगरी..." ते तसेच पळत सुटले. मॅडम शाळेचा फोन लावत राहिल्या. तो कुणी उचलेना.

माल तरी चांगला होता का, हे बघायला त्यांनी मला यंत्रावर घेतलं. भीतीनं माझा जीव अर्धा झाला. दाब वाढला आणि कट्! मलाही खालून भेग पडली. तारा असूनही भेग चुकली नाही, मित्रांनो. पण मी तुटले नाही! भेगेच्या दोन्ही काठांना तारांनी घट्ट धरून ठेवलं. यंत्र दाबत राहिलं, भेग रुंदावत गेली, मी वाकत गेले, पण एकसंध राहिले. ज्या हातोड्यांवर मी रुसले होते, त्यांनीच माझ्या तारा जागच्या जागी ठेवल्या होत्या.

पुढचं मी मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं. शाळा सुटली होती आणि भिंगरी सगळ्यांच्या पुढे, नाल्याच्या झाकणावर उड्या मारत होती. त्यांनी तिचा दंड धरून तिला ओढलं. ती रडायला लागली, "आबा, मी काय केलं?" मग दोर बांधून मुलांना मागे ठेवलं आणि क्रेननं ते झाकण उचललं. ते हवेतच मधोमध मोडलं आणि अर्धं धाडकन नाल्यात गेलं.

सगळी झाकणं नव्यानं ओतली. या वेळी साचे बाहेरूनच हलवले आणि तुळयांची परीक्षा झाल्यावरच झाकणं बसवली. मला राडारोड्यात टाकणार होते. मिस्त्रींनी मला उचलून शाळेच्या फाटकापाशी बसायला ठेवलं. परवा रंगारी माझी भेग बुजवायला आला, तर ते त्याच्या अंगावरच धावून गेले.

मित्रांनो, माझंही तेच मागणं आहे. माझी भेग झाकू नका. कुठेही भेग दिसली तर "चालतंय" म्हणून पुढे जाऊ नका. मोठ्यांना हाताला धरून दाखवा. भेग तुम्हाला सावध करते. माझ्या बहिणीला तेवढीही सवड मिळाली नाही.

नवी झाकणं पक्की आहेत. तरी शाळा सुटते, भिंगरी त्यांच्यावर उडी मारते, आणि माझ्यावर बसलेले मिस्त्री डोळे गच्च मिटून घेतात.