मालक नसलेले अवजार

डिंभ्याच्या आमच्या मच्छीमार संस्थेचे संकेतस्थळ रिते राहू लागले. आज कोणती मासळी किती आहे, हे मी सचिव या नात्याने रोज सकाळी मोबाईलवरून त्यावर नोंदवीत असे व लगेच वजनकाट्याकडे धावत असे. घोडेगावचे व्यापारी पाहत तेव्हा पान कोरे असे. शुक्रवारच्या सभेपर्यंत नोंदी पळविणारा चोर दाखवा, अन्यथा सचिवपद सोडा, असे अध्यक्ष भगवंतभाऊंनी मला बजावले.

माझा संशय झेबावर होता. जुन्नरचे जाळीविक्रेते तय्यबभाई यांची ही कन्या. आमचे जुने संकेतस्थळ पीएचपी नामक संगणकी भाषेत सहा वर्षे निमूटपणे चालले होते. तिने ते मोडून जावास्क्रिप्टच्या नव्या अवजारांनी बांधले, आणि ही अवजारे फुकट मिळतात असे सांगितले. तेव्हापासून माझे मन साशंक होते.

दोन एस.टी. बदलून मी जुन्नर गाठले व नोंदी ठेवणाऱ्या अवजाराच्या मालकाचे नाव विचारले. मालक कोणीच नाही, म्हणाली. ज्याला जे दुरुस्त करता आले ते त्याने केले, असे सांगून तिने देशोदेशीच्या नावांची लांबलचक यादी उघडली. तीत तिचेही नाव होते. तुला किती मिळाले, असे मी विचारले. काही नाही, म्हणाली. माझा संशय दृढ झाला.

"काका, नोंद लिहून तुमी कुठलं बटण दाबता?"

मी 'जतन करा' दाबून दाखविले. नोंद पुसली गेली. तिने पान इंग्रजीत करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. अवजाराच्या नव्या आवृत्तीच्या मराठी भाषांतरात 'जतन करा' आणि 'पुसा' या दोन बटणांची नावे कोणाकडून तरी उलटी पडली होती. चोर माझेच बोट होते.

"चूक तुमच्यामुळं सापडली. तुमच्याच नावानं यादीवाल्यांना कळवू."

मी मराठीत सांगितले, तिने इंग्रजीत लिहिले. गुरुवारी दुरुस्ती झाली.

सभेत मी सर्व हकिगत निवेदन केली. सभासद जानकूने नोंद टाकून पाहिली, ती टिकली. पुरावा म्हणून मी ती यादीही दाखविली. भगवंतभाऊ मोबाईल डोळ्यांजवळ धरून तिच्या तळापर्यंत गेले.

"सचिव, हितं तुमचं नाव हाय."

मी होय म्हणालो.

"किती दिलं त्यांनी?"

"काही नाही."

"लई उदार झालात, राव."

कोणी हसले नाही. चौकशी होईपर्यंत दप्तर जानकूकडे राहील, असे ठरले. मी दप्तराच्या कपाटाची किल्ली सावकाश करगोट्यातून सोडविली आणि सतरंजीवर ठेवली.